फत्तेखान कोण करणार?

गॅदरिंगच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे कॉलेजात काय असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जर्नल्स अर्धवट, सरांच्या सह्या बाकी, सबमिशन डोक्यावर, आणि आपण मात्र सेमिनार हॉलमध्ये 'हे वाक्य तुझं, ते वाक्य माझं' करत बसलेलो! आमच्या ग्रुपनं बारा मिनिटांचं ऐतिहासिक नाटुकलं बसवायचं ठरवलं होतं. अफझलखानाचा वध नको, शाहिस्तेखानाची बोटं नकोत, ते दरवर्षी कुणी ना कुणी करतंच. काहीतरी नवीन हवं म्हणून मीच सुचवलं, की स्वराज्याची पहिली मोठी लढाई करूया. पुरंदरची, १६४८ सालची. सगळ्यांना कल्पना एकदम पसंत पडली.

फळ्यावर पात्रं लिहायला घेतली. शिवाजीराजांसाठी पाच हात वर. गोदाजी जगतापांसाठी तीन. मग दिग्दर्शकानं विचारलं, "फत्तेखान कोण करणार?" एकही हात वर नाही. कुणी काही बोललं नाही, पण हॉलमधल्या सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या. तिथे आमचा इंदापूरकडचा एक मित्र बसला होता. आडनाव मुलाणी. तो हसला आणि म्हणाला, "करतो की! दाढी तरी चिकटवायला नको." सगळे हसले. मीही हसले.

पुढचं नाव होतं बाळाजी हैबतराव. "हा कोण आता?" मी सांगितलं, आदिलशाहीचा सरदार, शिरवळ यानंच घेतलं होतं. "म्हणजे आपला माणूस तिकडून? पब्लिक कन्फ्यूज होईल राव. कापा त्याला. शिरवळलाही एक खानच ठेवू." एकानं डस्टर उचललं आणि नाव पुसून टाकलं. मी गप्प बसले.

त्या पुसलेल्या नावाबद्दल मला आज चार शब्द लिहायचे आहेत. माझं मत सरळ आहे. ते नाव पुसलं की लढाई सोपी होत नाही, खोटी होते. आणि ती खोटी झाली की आपला अभिमानही कमी होतो, वाढत नाही. कसं, ते सांगते.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. फाळणी म्हटलं की आपल्याला १९४७ आठवतं. पण आपल्या मुलखाची एक फाळणी त्याच्या तीनशे अकरा वर्षं आधी झाली होती. अहमदनगरची निजामशाही मोडकळीला आली होती. १६३० ते ३२ चा भयंकर दुष्काळ, वरून सतत चाललेल्या फौजा. आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. १६३३ साली दौलताबाद मुघलांनी घेतलं. तरी शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवून आणखी तीन वर्षं झुंज चालू ठेवली. शेवटी १६३६ मध्ये शहाजहान बादशहा आणि विजापूरचा महंमद आदिलशहा यांच्यात तह झाला आणि दोघांनी निजामशाहीचा मुलूख आपसांत वाटून घेतला. ढोबळमानानं सांगायचं तर भीमेच्या अलीकडचा पुणे प्रांत आदिलशाहीच्या वाट्याला गेला. शहाजीराजे माहुलीच्या किल्ल्यावर वेढ्यात सापडले, त्यांना शरण जावं लागलं. ते आदिलशाहीच्या चाकरीत गेले, त्यांची रवानगी झाली कर्नाटकात. पुणे, सुपे, इंदापूर हा टापू मात्र जहागीर म्हणून त्यांच्या नावावर राहिला.

सुपे म्हणजे आपल्या बारामती तालुक्यातलंच सुपे बरं का! आणि इंदापूरचं भोसल्यांशी नातं तर त्याहून जुनं. शिवाजीराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्याच लढाईत पडले. त्यांच्या नावाची गढी अजून गावात आहे.

आता विचार करा. एका वर्षात दोन बादशहांनी नकाशावर रेघ ओढली. सुप्याच्या कुणब्याला कुणी विचारलं का? सासवडच्या पाटलाला, मावळातल्या देशमुखाला विचारलं का? काल एका शाहीचा शिक्का, आज दुसऱ्या शाहीचा. वतनाचे कागद घेऊन नव्या दारात उभं राहायचं, नाहीतर वतन जायचं. त्या वेळी शिवाजीराजे सहा वर्षांचे होते. बारा वर्षांनी जी लढाई झाली तिचं मूळ इथं आहे. माणसांना न विचारता केलेल्या वाटणीत!

आता लढाईची जागा बघू, कारण जागा कळल्याशिवाय ही लढाई कळत नाही, आणि ही जागा आपण बारामती-इंदापूरकरांनी ओळखायलाच हवी. कऱ्हा नदी पुरंदरच्या डोंगररांगेतून निघते, सासवडवरून, जेजुरीजवळून, मोरगाववरून बारामतीला येते. नीरा भोरकडून शिरवळवरून येते, पुढे वीर धरण, आणि तिथून निघणारा नीरा डावा कालवा आपल्या दोन्ही तालुक्यांचा ऊस पोसतो. कऱ्हा आणि नीरा आपल्याकडे सोनगावजवळ भेटतात आणि मग नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला मिळते. पुरंदरची लढाई या दोन नद्यांच्या वरच्या अंगाला झाली. एक टोक नीरेकाठी शिरवळ, दुसरं टोक कऱ्हेच्या खोऱ्यात बेलसर, आणि दोन्हींच्या मधे पुरंदर. आपण पितो ते पाणी तिकडून येतं, पण ती गोष्ट काही खाली वाहत आलेली नाही. आपल्यातले किती जण बेलसरला गेलेत? जेजुरीला जाताना एसटी तिथून जवळूनच जाते, आपण झोपलेले असतो.

तर १६४८ साल. राजांचं वय अठरा. तोरणा, राजगड, कोंढाणा असे किल्ले हाताशी आलेले. विजापूरला हे खटकलं. त्याच वर्षीच्या जुलैत तिकडे जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली आणि इकडे फत्तेखानाची फौज मुलूख पुन्हा ताब्यात घ्यायला निघाली. तिच्यातल्या एका तुकडीनं, बाळाजी हैबतरावाच्या, शिरवळची सुभानमंगळ गढी घेतली. फत्तेखानाचा तळ बेलसरला पडला. राजे पुरंदरवर आले. किल्ला तेव्हा निळकंठराव घराण्याकडे होता, म्हणजे तोही तसा आदिलशाहीचाच! पण त्यांनी राजांना वर घेतलं.

राजांजवळ तोफखाना नव्हता, पगारी मोठी फौज नव्हती. होती ती आसपासच्या गावांतली माणसं. या लढाईची सगळ्यात सविस्तर हकीकत कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात आहे. हे काव्य राजांच्या हयातीत, त्यांच्याच पदरी लिहिलं गेलं. काव्य आहे, तेव्हा थोडी भरती असणारच, पण नावं बघा. शिरवळवर ज्यांना पाठवलं ते कावजी मल्हार, गोदाजी जगताप, भीमाजी वाघ, संभाजी काटे, शिवाजी इंगळे, भिकाजी चोर आणि भैरोजी चोर. (चोर हे आडनाव आहे, हसू नका!) आपल्या वर्गाच्या हजेरीपटात शोभावीत अशी ही आडनावं. गोदाजी तर सासवडच्या जगतापांपैकी. लढाई त्यांच्या अक्षरशः घराजवळ चालली होती.

या लोकांनी शिरवळची गढी परत घेतली, हैबतराव तिथे पडला. बेलसरच्या तळावर घातलेला छापा मात्र तितकासा साधला नाही. झेंडाच शत्रूच्या हाती जायचा, तो कान्होजी जेध्यांचा मुलगा बाजी यानं वाचवला आणि म्हणून त्याला 'सर्जेराव' किताब मिळाला, असं सांगतात. म्हणजे स्वराज्याची पहिली लढाई नुसती जिंकतच गेलो अशी नाही. मार खाऊन मागेही सरलो, आणि किल्ल्यावर आलो.

मग फत्तेखानानं पुरंदर चढायला घेतला. इथे आपल्या विषयाचं थोडं बोलू. पुरंदरची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,३८० मीटर. वरच्यांनी धोंडे लोटले. पन्नास किलोचा एक धोंडा शंभर मीटर उंचीवरून सुटला तर त्याची स्थितिज ऊर्जा किती? पहिल्या वर्षाचं गणित आहे. पन्नास गुणिले ९.८ गुणिले शंभर, म्हणजे ४९,००० ज्यूल. एक टनाची गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगानं अंगावर यावी, साधारण तेवढी. आपटण्यात, घासण्यात बरीच वाया जाईल, पण उरेल तीही पुरेशी आहे. दारूगोळ्याचा खर्च शून्य. फक्त कुठला धोंडा कुठल्या घळीतून खाली जातो हे माहीत असलेला माणूस पाहिजे, आणि तो विजापूरहून येत नाही, तो तिथलाच असावा लागतो. चढणारी फौज विस्कळीत झाली आणि वरचे तुटून पडले. मुसेखान हा मोठा सरदार गोदाजी जगतापांच्या हातून पडला. फत्तेखान पळाला. याच धामधुमीत मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर कामी आले, असं मानतात.

झाली लढाई. आता समोरच्या बाजूला कोण होतं ते बघा. फत्तेखान, मुसेखान होते. बाळाजी हैबतराव होता. शिवभारतात घाटग्यांचं नाव येतं. फलटणच्या नाईकांचंही येतं. नीरा ओलांडली की फलटण, आणि फलटण म्हणजे राजांची सासुरवाडी! सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. म्हणजे सासरचं घराणं समोरच्या छावणीत. तिकडे कर्नाटकात शहाजीराजांना कैद करणाऱ्यांत बाजी घोरपडे होता, तोही मराठाच, भोसल्यांचा भाऊबंद. आणि उलट बाजू बघायची तर सभासद बखरीत राजांच्या पायदळाचा सरनोबत म्हणून नूरखान बेगाचं नाव आहे.

मग हे सगळे 'फितूर' होते का? मला तसं म्हणणं फार सोपं वाटतं. आपण ज्या लढाईचा शेवट माहीत असलेले प्रेक्षक आहोत, त्या लढाईचा शेवट त्यांना माहीत नव्हता. फलटणच्या नाईकाला दिसत होतं ते एवढंच, की फरमान विजापूरचं आहे, वतन त्या कागदावर उभं आहे, आणि समोर अठरा वर्षांचा मुलगा आहे. शहाण्या, संसारी माणसानं कुठली बाजू घ्यावी? खरं सांगा, कॅम्पसमध्ये मोठ्या कंपनीची ऑफर हातात असताना आपल्यातला कोण उद्या सुरू होणाऱ्या, पगाराची खात्री नसलेल्या धंद्यात उडी घेईल? हैबतराव आपल्यापैकी बहुतेकांसारखा होता. म्हणूनच जगताप, पासलकर, जेधे मोठे! त्यांनाही घरं होती, वतनं होती, तोच कागद त्यांच्याही पेटीत होता. तरी ते वर चढले. हैबतराव पुसला की ही निवडच पुसली जाते. मग उरतं काय? इकडचे जन्मानं इकडचे, तिकडचे जन्मानं तिकडचे. ज्याला दुसरी वाट होतीच नाही, त्याचं कौतुक कशासाठी करायचं?

आणखी एक गोष्ट आम्ही नाटुकल्यातून कापली, ती म्हणजे लढाईनंतरची. फत्तेखान पळाला, भगवा फडकला, पडदा पडला, टाळ्या. पण खरा पेच त्यानंतर होता. लढाई जिंकली होती, वडील कैदेत होते. राजांनी दख्खनचा मुघल सुभेदार शहजादा मुराद याच्याशी पत्रव्यवहार सुरू केला, म्हणजे विजापूरला धास्ती बसावी. आणि शेवटी १६४९ मध्ये शहाजीराजे सुटले, त्यासाठी कोंढाणा परत द्यावा लागला, तिकडे बंगळूरही सोडावं लागलं. शिवभारतात सोनोपंत डबीर राजांची समजूत घालतात असा प्रसंग आहे. जिंकलेल्या माणसानं किल्ला परत द्यायचा! एकोणीस वर्षांच्या मुलाला ते किती जड गेलं असेल? पण त्यानं दिला, वडील सोडवले, पुढे काही वर्षांत कोंढाणा पुन्हा घेतलाही. मला विचाराल तर पुरंदरचा खरा नायकपणा धोंडे लोटण्याइतकाच या देण्यात आहे. तो दाखवायला आमच्या बारा मिनिटांत जागा नव्हती. तलवारीला चार मिनिटं मिळाली.

आता आमच्या दिग्दर्शकाची बाजूही सांगते, नाहीतर तो मला मेसमध्ये गाठेल. त्याचं म्हणणं, "अगं, हे स्टेज आहे, पेपर नाही. बारा मिनिटांत वतन, फरमान, सासुरवाडी कोण समजावणार? शिवाय उद्या कुणा आडनावाच्या भावना दुखावल्या तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये तू जाणार का?" दोन्ही मुद्दे खोटे नाहीत. वेळेच्या मुद्द्यावर माझं उत्तर असं, की हैबतरावाला एक वाक्य पुरलं असतं. "माझं वतन विजापूरच्या कागदावर आहे." बस! पब्लिक कन्फ्यूज होत नाही, पब्लिक आपल्यापेक्षा हुशार असतं. भावनांच्या मुद्द्यावर मात्र मला एक उलटा प्रश्न पडतो. हैबतराव ठेवला तर आडनावांच्या भावना दुखावतील, याची आम्ही काळजी केली. सगळे खान करून टाकले तर कुणाच्या दुखावतील, हा विचार त्या हॉलमध्ये कुणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही. तो विचार माझ्या डोक्यात ज्यानं घातला त्याच्याविषयी सांगते आणि थांबते.

नाटुकलं झालं. छान झालं. आमच्या फत्तेखानाला सगळ्यात जास्त शिट्ट्या मिळाल्या, पळताना पगडी पडली तेव्हा तर हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. दुसऱ्या दिवशी शनिवार, आम्ही दोघं घरी जायला एकाच एसटीत बसलो. मी म्हटलं, भारी केलंस. तो म्हणाला, "मजा आली." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला आणि म्हणाला, "खान करायचं मला काही वाटलं नाही गं. कुणीतरी करायलाच पाहिजे. पण तुम्ही तो हैबतराव कापलात ना, ते लागलं. तो असता तर तिकडच्या बाजूला मी एकटा नसतो."

मला काही बोलता आलं नाही. बारामतीच्या स्टँडवर तो इंदापूरच्या गाडीत चढला. त्याच्या घरचं पाणीही त्याच नीरेचं आणि माझ्या घरचंही. त्याचं घराणं गावात पिढ्यानपिढ्या मुलाणकी करणारं, बारा बलुत्यांतलं. १६३६ ला दोन बादशहांनी रेघ ओढली तेव्हा त्याच्या पूर्वजांना कुणी विचारलं नसेल आणि माझ्या पूर्वजांनाही नाही. मग फळ्यावर आम्ही नवी रेघ ओढली, तेव्हा त्याला विचारायला नको होतं का? ती रेघ ओढताना मी तिथेच बसले होते. मला खरी हकीकत माहीत होती. बाकीच्यांना निदान माहीत नव्हती. तेव्हा दोष द्यायचाच तर आधी मलाच द्यायला हवा.

तेव्हा पुढच्या वर्षीच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती. पुरंदर पुन्हा करा. हैबतरावाला त्याचं एक वाक्य द्या, फलटणचा नाईक उभा करा, शेवटी कोंढाण्याच्या किल्ल्या परत देणारा एकोणीस वर्षांचा राजा दाखवा. आणि फत्तेखान कोण करणार असं विचारलं गेलं, की कृपा करून माना वळवू नका, हात वर करा. मी पास आऊट झाले नसले (केटीची कृपा!), तर पहिला हात माझा असेल. दाढी चिकटवून घेईन.